पुढच्या खिडकीची केबिन

माझ्या बायकोला गाडी लागते. आमच्या घरातली ही सगळ्यात जुनी माहिती आहे. आमच्या ऋजुताच्या जन्माआधीची, इंग्लंडमधल्या स्लाऊच्या घराच्याही आधीची. त्यामुळे अरुणा मार्चमध्ये रिटायर झाली आणि "मला क्रूझला जायचंय" म्हणाली, तेव्हा केबिन निवडायचं काम मी स्वतःकडे घेतलं. अशी कामं मी दुसऱ्यावर सोडत नाही. तेहेतीस वर्षं मी ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका वेअरहाऊसमध्ये ट्रकमध्ये माल कसा लावायचा हे ठरवत होतो. कुठलं खोकं कुठे ठेवलं की हलत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

जहाजाच्या अकरा मजल्यांचे नकाशे मी लायब्ररीत मोठ्या कागदावर छापून आणले आणि डायनिंग टेबलावर पसरले. पुढचे दोन आठवडे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. अरुणाची अट एकच होती.

"समोरून येणारा समुद्र दिसला पाहिजे," ती म्हणाली. "बाजूने जाणारा नको."

ही तिची जुनी हौस. फ्रान्सला आम्ही चार वेळा गेलो आणि चारही वेळा समुद्राखालच्या बोगद्यातून गेलो, कारण तिला बोट लागली असती. दर वेळी मी तिला हे नीट समजावून सांगायचो आणि दर वेळी ती "बरं" म्हणायची. एकदा डोव्हरच्या कड्यावर ती फ्रान्सला सुटणाऱ्या बोटी बघत बराच वेळ उभी राहिली होती. पार्किंगची वेळ संपत आली होती म्हणून मी तिला गाडीत बोलावलं.

या वेळी ती "बरं" म्हणाली नाही. "गोळ्या घेईन, पण जायचं," असं म्हणाली. सासष्टाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा हट्ट धरतो तेव्हा तो पुरवावा लागतो. सातही दिवस तिला त्या खिडकीपाशी उभं राहता यावं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी ती आडवी झाली असती तर "मी म्हणालो होतो" असं म्हणायची संधी मला मिळाली असती, आणि ती संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच नको होती.

आता शास्त्र. ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसावं. एसटीत मागच्या चाकावर बसलेल्याची आतडी घशाशी येतात आणि ड्रायव्हरच्या मागे बसलेला आरामात पेपर वाचतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. १९८३ साली, लग्नानंतर आठच दिवसांनी, आम्ही पुण्याहून महाबळेश्वरला निघालो होतो. जागा मिळाली ती शेवटून दुसरी. पासरणीचा घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर अरुणा ताडकन उठून कंडक्टरला म्हणाली, "मला लागतेय." त्याने पुढच्या सीटवरच्या दोन कॉलेजकुमारांना उठवलं आणि आम्हा दोघांना तिथे बसवलं. पाचगणी येईपर्यंत ती ठणठणीत झाली होती. मलाही पुढची हवा मानवली.

तेव्हापासून हाच नियम. महाराष्ट्र मंडळाची कोच ट्रिप असली की पहिल्या दोन सीट आमच्या. मी स्वतः माइक घेऊन सांगतो, "अरुणाला लागते, तेव्हा पुढे कुणी बसू नये." लोक हसतात. तीही हसते. मी सोबतीला म्हणून तिच्या शेजारी बसतो आणि ती आवळा सुपारीची अर्धी पुडी माझ्या हातावर ठेवते. रस्ता वळायच्या आधी ती दर वेळी सांगते, "वळण येतंय हं, धरून बसा." घाबरट माणसाला सगळेच घाबरट वाटतात. तिच्या समाधानासाठी मी धरून बसतो.

तर बसमध्ये पुढे, तसं जहाजातही पुढे. अगदी नाकावर, समोर तोंड केलेल्या मोठ्या खिडकीची केबिन मी शोधून काढली. जाहिरातीत तिला 'फॉरवर्ड ओशनव्ह्यू' म्हणतात. अरुणाचा समुद्र आणि माझं शास्त्र, दोन्ही एकाच खोलीत बसत होतं.

बुकिंगच्या फोनवरची मुलगी म्हणाली, "पुढे हालचाल जरा जास्त जाणवते, सर." तिने पासरणीचा घाट बघितलेला नाही हे आवाजावरूनच कळत होतं. मी तिचे आभार मानले.

मग ऋजुताचा फोन आला. ती लेस्टरला फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिचा जन्म इथलाच.

"बाबा, मधला केबिन घ्या ना. सगळे लोक मधलाच सांगतात. आईला लागणार नाही का?"

"लागू नये म्हणून तर पुढची घेतोय."

"बट बाबा, शिप म्हणजे बस नाही."

"चाकं सोडली तर फारसा फरक नाही," मी म्हणालो आणि विषय संपवला.

सामान भरताना मी सहा लिंबं, आलेपाक आणि आवळा सुपारीची दोन पाकिटं काढून ठेवली. अरुणाने लिंबं मोजली.

"बारा घ्या," ती म्हणाली.

"तुला एकटीला सहा पुरतील."

"बारा घ्या हो."

साउथॅम्प्टनला आम्ही चढलो ती दुपार अगदी शांत होती. केबिन सहाव्या मजल्यावर, पार टोकाला. खिडकी भिंतीएवढी. टेबलावर एक कार्ड होतं: अंधार पडल्यावर कृपया पडदे ओढावेत, तुमच्या दिव्यामुळे वरच्या मजल्यावरून जहाज चालवणाऱ्यांना पुढचं दिसत नाही. अरुणाने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे आपण कॅप्टनच्याही पुढे आहोत," ती म्हणाली. खुर्ची ओढून ती जी खिडकीशी बसली, ती पडदे ओढायची वेळ होईपर्यंत उठली नाही. माझं गणित बरोबर आलं होतं. जेवताना मी बटाट्याच्या थराखाली भाजलेला माशांचा फिश पाय दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्थ सी लागला.

काय झालं ते सरळ सांगतो. जहाजाचं नाक वर जात होतं. वर गेल्यावर ते थोडं थांबत होतं, विचार केल्यासारखं. मग खाली पडत होतं, आणि त्या नाकातच आम्ही राहत होतो. सी-सॉच्या टोकावर बसलेलं मूल वरखाली होतं आणि मधला खांब जागचा हलत नाही, ही गोष्ट तेहेतीस वर्षं खोकी लावणाऱ्या माणसाच्या लक्षात यायला हवी होती. ती माझ्या लक्षात बाथरूमच्या फरशीवर आली.

"तो फिश पाय," मी आतून म्हणालो. "शिळा असणार."

"असेल," अरुणा म्हणाली. "लिंबू आणू?"

अकरा वाजेपर्यंत पाच लिंबं संपली. मी पलंगावर येऊन आडवा झालो आणि छताकडे बघायला लागलो, तर छतही जागेवर नव्हतं. तेवढ्यात अरुणाने फोन उचलल्याचा आवाज आला.

"हॅलो, सिक्स झीरो झीरो फोर. आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल. येस, व्हेरी सीसिक." थोडा वेळ ती ऐकत होती. "नो, नो, माय हजबंड इज फाइन."

मी मान वळवून बघितलं. ती खिडकीशी उभी होती. समोरून एक करडी लाट अंगावर येत होती, आणि माझी बायको एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हातात चिवड्याचा डबा घेऊन, गुडघे किंचित वाकवून, मजेत उभी होती. लाट फुटली. ती सावरली. रिसीव्हर गालाखाली धरून तिने एक बकाणा भरला.

फोन खाली ठेवून ती म्हणाली, "एक केबिन रिकामी आहे. चौथ्या मजल्यावर, बरोब्बर मध्ये. तिथे काही हलत नाही म्हणे. माणूस येईल सामान न्यायला."

"खिडकी?"

"नाही, आतली आहे. काय करायचीय खिडकी." तिने खुर्चीवरचा स्वेटर उचलला आणि घडी घालायला घेतली. अर्धी घडी घालून ती समोर बघत थांबली. मग उरलेली घातली.

"कुणाला होतंय?" मी विचारलं.

"मला. सांगितलं ना फोनवरच्या मुलीला."

"तू चिवडा खातेयस."

तिने डब्याकडे बघितलं. मग डबा बंद केला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"अरुणा, तुला गाडी लागते ना?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. "पासरणीच्या घाटात तुमचा चेहरा बघितला होता मी," ती म्हणाली. "पार हिरवा. ओठ घट्ट मिटलेले. आठ दिवसांपूर्वी लग्न झालेलं, तुम्ही मरून गेला असतात, पण उठून जागा मागितली नसती. बाईने मागितली की देतात."

"म्हणजे मला लागते."

"तुम्हालाच लागते."

"आणि तुला?"

"मला कधीच नाही लागली."

जहाज वर गेलं आणि खाली आलं. मी लिंबू शोधलं. "मग नंतर का नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदा राहून गेलं. मग तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात. माइकवरून." ती थोडी हसली. "मग म्हटलं, असू दे. पुढची जागा मिळायला कुणाला तरी लागतेय, तेवढं पुरे आहे."

मला लाज वाटली. बेचाळीस वर्षांची लाज एकदम वाटली, आणि आडवं पडून वाटली. माइकची वाटलीच, पण त्याहून जास्त बोगद्याची वाटली. चार वेळा मी तिला समजावलं होतं की बोट तुला सोसणार नाही. चारही वेळा तिला माहीत होतं की बोट कुणाला सोसणार नाही. डोव्हरच्या कड्यावर ती माझ्या पोटाकडे बघून गाडीत येऊन बसली होती, आणि मी म्हणालो होतो, केवढा उशीर केलास.

मी उठलो. भिंत धरत फोनपर्यंत गेलो आणि तेच बटण दाबलं.

"सिक्स झीरो झीरो फोर," मी म्हणालो. "इट इज नॉट माय वाइफ. इट इज मी. आय अ‍ॅम द वन हू गेट्स सिक."

"ओह, आय अ‍ॅम सॉरी, सर. सिन्स व्हेन?"

"नाइन्टीन एटी-थ्री," मी म्हणालो.

पलीकडे की-बोर्डची टकटक झाली. मग फोनवरची मुलगी म्हणाली की केबिन दोघांना पुरेल एवढी आहे. मी सांगितलं, एकालाच हवी आहे. माझी बायको आहे तिथेच राहील.

"असं काय करताय?" अरुणा म्हणाली. "तुमच्याकडे कोण बघणार?"

"स्टुअर्ड आहे. तू समोर बघ."

"अहो, पण एकटे..."

"अरुणा," मी म्हणालो, "स्वेटरची घडी मोड."

चौथ्या मजल्यावरची केबिन खोक्यासारखी आहे, आणि खोकं अगदी योग्य जागी ठेवलेलं आहे. खिडकीच्या जागी आरसा आहे. त्यात एकोणसत्तर वर्षांचा एक माणूस दिसतो, त्याचा रंग अजून पूर्ण परतलेला नाही. मी आल्या आल्या ऋजुताला मेसेज पाठवला की मधली केबिन चांगली असते. तिने फक्त अंगठा पाठवला.

तीन वाजता पलंगाशेजारचा फोन वाजला.

"खाल्लंत काही?"

"दोन बिस्किटं. राहिली आहेत पोटात. तू काय करतेयस?"

"बघतेय." तिच्या आवाजामागे पाण्याचा दणका ऐकू आला. "एक लाल बोट आहे समोर, मासेमारीची असेल. मध्येच दिसेनाशी होते आणि परत वर येते. खूप पक्षी आहेत तिच्यामागे. अहो, इतका समुद्र आहे. सगळा आपल्याकडेच येतोय."

असं भरभरून ती माझ्याशी शेवटचं कधी बोलली होती, मला आठवेना. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"सांग अजून," मी म्हणालो.

ती पक्ष्यांबद्दल सांगायला लागली. मग तिचा आवाज बदलला. कोचमध्ये, पहिल्या सीटवर, रस्ता वळायच्या आधी तो जसा व्हायचा, अगदी तसा.

"मोठी येतेय हं," ती म्हणाली. "धरून बसा."

मी रिसीव्हर खांद्यात दाबला आणि पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली.

"धरलंय," मी म्हणालो.