पेट्रोलच्या टाकीतलं भूत

"मागे सरा! मागे सरा! निघताना कुणाच्या अंगाला घासून गेलं, तर माझी जबाबदारी नाही!"

राघोबुवांनी असा दम भरला आणि चिंचेच्या वळणावर जमलेली माणसं घाईघाईने मागे सरली. मधोमध हरिहर कर्णिकांची काळी मोटार मुकाट उभी होती. बुवांनी तिच्याभोवती लिंबू फिरवलं, टाचेखाली चिरडलं, मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि डोळे गरागरा फिरवले.

"कोण रे तू? आधी इंजिनात शिरलास, आता टाकीत दडतोस होय? गाव सांग! सांगत नाहीस? थांब, तुझ्या आज्यालाही बोलतं करीन!"

बुवांनी झाकण फिरवलं मात्र, टाकीतून लांबलचक आवाज आला. फुस्सऽऽ!

गर्दीच्या अंगावर सरसरून काटा आला. बायकांनी पोरं पदराआड ओढली. बुवांनी शांतपणे झाकण लावलं, त्यावर ताज्या शेंदराचा ठसठशीत टिळा दाबला आणि म्हणाले, "मारा हँडल." हरिहररावांनी हँडल मारलं आणि काय सांगावं, मघाशी तासभर ढिम्म न हललेली मोटार गुरगुरू लागली! लोकांनी बुवांच्या पायावर लोटांगणं घातली.

मागच्या सीटवर बसलेल्या वासंतीबाईंनी मात्र हातही जोडले नाहीत आणि डोळेही मिटले नाहीत. त्या हरिहररावांच्या धाकट्या बहीण. डोंबिवलीत मुलींना शास्त्र शिकवायच्या. एखादी गोष्ट पटली नाही की पटेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे, आणि ही गोष्ट त्यांना मुळीच पटली नव्हती.

ही मोटार काही मिरवायला घेतलेली नव्हती. हरिहररावांची एकुलती एक, आईवेगळी लेक हेमा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल घरच्या बाळंतपणात गेलेलं. या खेपेला डॉक्टरांनी तपासून बजावलं होतं, "मूल पोटात आडवं आहे. कळा सुरू झाल्या की वेळ दवडू नका, थेट कल्याणच्या इस्पितळात आणा." म्हणून तर पेन्शनीत निघालेल्या या गृहस्थाने जुनी का होईना, मोटार घेतली.

ती कल्याणच्या विश्राम मिस्त्रीकडे दुरुस्तीला टाकली. विश्रामने चार दिवस ठोकठोक करून गाडी परत दिली आणि घरी येताना ती याच वळणावर बंद पडली. पुन्हा विश्राम, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा हेच वळण. आजची ही तिसरी खेप.

एखाद्याने मिस्त्रीची गचांडी धरली असती की नाही? पण विश्राम कानाला हात लावून म्हणाला, "साहेब, मशीन अगदी चोख आहे. लोखंडाचा आजार असता तर मी काढला असता. हा आजारच लोखंडाचा नाही. तुम्ही आमच्या राघोबुवांना दाखवा." इंग्रजी अमदानीत साहेबाच्या चुका काढणारे आमचे हरिहरराव इथे मान डोलावून मोकळे झाले! शिकलेला माणूस घाबरला की त्याचं शिक्षण खुंटीला टांगलेलंच राहतं.

गाडी सुरू झाल्यावर बुवांनी त्यांना बाजूला घेतलं. "वळणावरचं हे भूत जाणाऱ्याला सोडतं, परतणाऱ्याला धरतं. पोटुशीला कल्याणला नेऊ नका. मोटारीनं नको, आगगाडीनंही नको. नेलीत तर रिकाम्या कुशीनं परत येईल. घरीच ठेवा, मी अंगारा देतो. आणि ही मोटार दारात ठेवू नका. उद्या विश्रामकडे नेऊन एकदा शेवटची तपासून आणा, मी तिला मोकळी करतो, मग कायमची त्याच्याच हवाली करा. तो तिचा बंदोबस्त करील."

त्या रात्री जेवताना वासंतीबाईंनी विषय काढला. "दादा, गाडी कल्याणला जाताना कधीच कशी अडत नाही? विश्रामच्या हातून निघाली की मगच का अडते?"

"बुवा म्हणाले ना, परतणाऱ्यालाच धरतं."

"बुवा म्हणाले! आणि डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास?"

हरिहररावांनी ताटावरचा हात आखडला. "वासू, एक नातवंड या हातांनी पुरलंय मी. आता कसलीच परीक्षा बघायची नाही मला. हेमा घरातून हलणार नाही."

आतल्या खोलीत हेमाने सगळं ऐकलं होतं. आत्या जवळ येताच तिने हात घट्ट धरला. "आत्या, बाबांना सांग ना गं. मला भीती वाटते. मला जगायचंय, आणि याला जगवायचंय." नुसत्या वादाने दादा ऐकणार नव्हता. त्याला डोळ्यांनी दाखवायला हवं होतं.

सकाळी आंघोळ झाल्यावर त्या आरशापुढे बसल्या. कुंकू पसरू नये म्हणून तेव्हा सगळ्याच बायका लावत तसं कपाळावर आधी बोटाने मेण लावलं, त्यावर कोरडं कुंकू टेकवलं. बोट पुसता पुसता त्यांच्या मनात काहीतरी चमकलं. त्या तशाच अंगणात गेल्या आणि टाकीच्या झाकणावरच्या टिळ्याच्या कडेला नख लावलं. तेलात कालवलेला शेंदूर बोटाला लागतो, निसटतो. हा नखाखाली गोळा झाला. वर शेंदूर होता खरा, पण खाली चांगलं जाड मेण होतं.

"मेण कशाला बरं?" त्या पुटपुटल्या. शेंदूर टिकायला? की खालचं काही बुजवायला? अंदाज आला होता, पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या रोज मुलींना सांगत. त्यांनी टिळा तसाच राहू दिला आणि भावाला म्हणाल्या, "गाडी विश्रामकडे न्यायची आहे ना? मग आजही मी सोबत येते."

कल्याणला विश्राम अगदी लोण्यासारखा मऊ झाला. "ताई, एवढ्या उन्हात कशाला आलात?" म्हणत त्याने टाकी गळ्यापर्यंत भरून दिली, "आमच्याकडून सेवा" म्हणाला. मग जुना टिळा पुसून झाकणावर नवा टिळा असा रेटून बसवला, जसा फुटक्या घागरीला लाखेचा डाग द्यावा. वासंतीबाईंनी सगळं नीट पाहून ठेवलं.

चिंचेच्या वळणावर मोटारीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

बुवा झाडाखाली तयारच! गर्दीही जमू लागली. कोपरची सगुणा कोळीण कर्णिकांकडे नेहमी मासळी द्यायची. पाटी उतरवून तीही तिथे टेकली होती. ती वासंतीबाईंच्या कानाशी लागली, "बाय, यो बुवा सकालधरना हितंच बसलाय. तुमची गारी बंद परनार, ह्ये त्याला कुनी सांगला?"

"तेच विचारते आता," वासंतीबाई म्हणाल्या आणि पदर खोचून खाली उतरल्या.

बुवांनी लिंबू काढलं. "मागे सरा!"

"आज झाकण मी उघडते, बुवा."

"बाई! हात जळेल!"

"जळू द्या. दुसरा आहे." गर्दीत खसखस पिकली. वासंतीबाईंनी पदराचा एक सुटा दोरा ओढून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा झाकणाच्या कडेशी धरला. "बुवांचं म्हणणं, भूत आतून बाहेर पळतं. मग हा दोरा बाहेरच्या बाजूला उडायला हवा. दादा, जवळ ये. अगदी जवळ."

त्यांनी झाकण किंचित सैल केलं. फुस्सऽऽ! आणि दोरा आत ओढला गेला.

"अरेच्चा!" कुणीतरी ओरडलं. "भूत आत चाललंय!"

"भूत कसलं, वारा आत चाललाय!" वासंतीबाईंचा वर्गातला आवाज लागला. "तुमच्या घरी तेलाचा बंद डबा येतो, त्याला भोकं किती पाडता?"

"दोन," बायका एकदम म्हणाल्या.

"का?"

"एकानं तेल येत नाय नीट. गटगट करतं नि थांबतं. वारा जावाला दुसरा लागतं," सगुणा म्हणाली.

"बरोब्बर! टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे जातं, तेवढा वारा टाकीत यावा लागतो. त्यासाठी झाकणालाच बारीक भोक असतं." त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून टिळा खरवडला. शेंदूर गेला, मेणाचा गोळा निघाला आणि खाली भोक दिसलं. "हे बुजवलं. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत वारा अगदी थोडा. दोन-तीन मैलांत तोही पुरेना, पेट्रोल अडलं, मोटार बंद! झाकण उघडलं की वारा शिरतो, मोटार चालू. कल्याणला जाताना टाकी काठोकाठ नसते, आत वारा पुरेसा असतो, म्हणून तेव्हा अडत नाही. वर पुन्हा मेणाचा टिळा, म्हणजे पुढच्या खेपेची सोय! ज्याला तुम्ही मोटारीचं रक्षण म्हणत होतात ना, तेच मोटारीचं दुखणं होतं."

सगळ्यांची तोंडं बुवांकडे वळली. आता बुवाच मागे सरू लागले. "मी... मी देवाचा माणूस. ती युक्ती विश्रामची! फुकटात मोटार मिळेल म्हणाला. मेणही तोच देतो, मी नुसतं लावतो!"

बस्स! मग गर्दीने बुवांना मध्ये घेतलं. हात कुणी टाकला नाही, वासंतीबाईंनी टाकू दिला नाही. पण इतके दिवस पायावर डोकी ठेवणारे लोक जे काही बोलले, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

हरिहरराव झाकण हातात घेऊन उभे होते. "वासू," ते म्हणाले, "गाडीत बस. हेमाला न्यायचंय."

घरी पोचतात तो हेमाला कळा सुरू झालेल्या. तिला मागच्या सीटवर निजवून तीच मोटार, त्याच वळणावरून, कुठेही न थांबता कल्याणला गेली. पोट उघडूनच मूल काढावं लागलं. मुलगी झाली, आणि अशी कडाडून रडली की बाहेर बाकावर बसलेले आजोबाही रडू लागले.

डॉक्टर बाहेर आले. "वेळेवर आणलंत. घरी ठेवली असतीत, तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती."

हरिहररावांनी मान खाली घातली. चिमूटभर मेणापायी ते लेकीला आणि नातीला गमावायला निघाले होते. फसवणारे दोघे होते खरे, पण लेकीला घरात डांबून ठेवायचा हुकूम त्यांनी स्वतः दिला होता.

"मी एकदाही विचारलं नाही गं, वासू. आवाज कशाचा, एवढंसुद्धा नाही."

"इथून पुढे विचार, दादा," वासंतीबाई म्हणाल्या. "मिस्त्रीला विचार, बुवाला विचार, मलाही विचार. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नकोस."