चिंगीच्या कपाळावरचा टिक्का

मित्रांनो, वर्ध्याजवळच्या सेलूहून आत गेलं की एका खेड्यात नत्थूजींचं घर लागतं. त्या घराच्या फडताळावर, सगळ्यात वरच्या फळीला, पाठ भिंतीकडे करून बसलेला जुना निळा थर्मास म्हणजे मी. बुडाशी थोडा चेपलो आहे, झाकणाची कडी तुटली आहे, पण पोटातली काच अजून शाबूत आहे. थर्मासाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. सकाळी चहा भरला, दुपारी विसळला, संपलं. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

मी या घरात आलो तो नत्थूजींच्या मुलाच्या, अंकुशच्या, लग्नातल्या आहेरातून. आहेरात आम्ही तिघे थर्मास होतो. बाकीचे दोघे पुढे नातेवाइकांच्या लग्नांत नव्या कागदात गुंडाळून रवाना झाले. माझ्या खोक्याला मांडवातच पाणी लागलं होतं, म्हणून मला कुणाला देता येईना. अशा रीतीने मी घरचा झालो.

नत्थूजींचं शेत जंगलाच्या अंगाला. हरभरा वर आला की रानडुकरं यायची, तूर भरली की माकडं. म्हणून त्यांनी कुत्री पाळलेली. शेरू, भुऱ्या आणि ढवळी. बाहेर ही तिघं वाघाच्या थाटात फिरायची, पण नत्थूजींच्या बायकोने, आनंदाबाईंनी, नुसतं "बस" म्हटलं की शेपूट घालून बसायची. घरात एरवीही शेवटचा शब्द आनंदाबाईंचाच असायचा.

जंगल जवळ म्हणजे कोल्हे जवळ, आणि पिसाळलेला कोल्हा चावला की कुत्रंही पिसाळतं. नत्थूजींनी लहानपणी गावात पिसाळलेलं कुत्रं पाहिलं होतं. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. त्यामुळे गावात कुणी करत नसे ते नत्थूजी करत. दर वर्षी प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस. पण शेरूची तारीख माघात यायची, भुऱ्याची वैशाखात आणि ढवळीची दिवाळीच्या तोंडावर. दर वेळी नत्थूजी एसटीने वर्ध्याला जायचे, औषधाच्या दुकानातून लशीची बाटली घ्यायचे आणि बर्फ भरून माझ्या पोटात ठेवायचे. एका बाटलीत दहा कुत्री होतात आणि बूच टोचलं की ती त्याच दिवशी संपवावी लागते. एकाला टोचून बाकीची ओतून देताना त्यांचा जीव चुटपुटायचा.

शेवटी गुरांच्या डॉक्टरांनीच तोड काढली. "नत्थूजी, लवकर दिली तर चालते, उशीर चालत नाही. सगळ्यांची तारीख मागं ओढून एक करून टाका."

नत्थूजींनी पोळ्याचा दुसरा दिवस धरला. त्या दिवशी बैलांना सुट्टी, माणसं घरी, आणि पुरणपोळीच्या आशेने कुत्रीही अंगण सोडत नाहीत. डॉक्टर स्कूटरवरून यायचे, आनंदाबाई एकेकाचं तोंड काखेत धरायच्या, आणि कामगिरी फत्ते. पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. शेरू आणि भुऱ्या दिसायला सारखेच, त्यामुळे शेरूने दोनदा सुई खाल्ली आणि भुऱ्या कोरडाच राहिला. तेव्हापासून नत्थूजींनी रीत पाडली. बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग घ्यायचा आणि ज्याला टोचलं त्याच्या कपाळावर बोटभर टिक्का लावायचा. टिक्का असला म्हणजे झालं, नसला म्हणजे बाकी.

गावातले लोक हसायचे. "नत्थूजी, कुत्र्याईचं लगीन हाये का?" म्हणून विचारायचे. नत्थूजीही हसायचे. मला मात्र त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. अंगणाच्या मधोमध पाट, पाटावर मी, आणि डॉक्टर मला दोन्ही हातांनी उघडायचे. चहाच्या थर्मासाला इतका मान कुठे मिळतो?

मग अठ्ठ्याण्णव साल आलं. वैशाखात ढवळीला एक पिल्लू झालं होतं. आनंदाबाईंनी तिचं नाव चिंगी ठेवलं. पोळ्यापर्यंत चिंगी पहिल्या लशीच्या वयाची झाली. पण त्याच सुमारास नत्थूजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डोळ्याला पट्टी बांधून ते आत बाजेवर पडले. वर्ध्याहून लस आणायला मला घेऊन अंकुश गेला.

पोळ्याच्या दिवशी आनंदाबाई बैलांची शिंगं रंगवत असताना चिंगी सारखी पायात येत होती. त्यांनी हसत तिच्याही कपाळावर रंगाचं बोट टेकवलं. "घे, तू बी घरचीच," म्हणाल्या. ओसरीवरून मी ते पाहिलं. पाहणाऱ्याला बरं वाटावं असंच ते होतं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. छोट्या नातीचा, समीक्षाचा, लाकडी बैल मिरवायला आनंदाबाई तिच्यासोबत पारावर गेल्या. इकडे डॉक्टर कंपाउंडरला घेऊन आले. अंकुश कुत्रं धरून देत होता, कंपाउंडरही पळणारं कुत्रं पकडून टोचत होता; त्या धांदलीत तिन्ही कुत्री टोचून झाली, टिक्के लागले. चिंगी गव्हाणीखाली झोपली होती.

"ही राहिली का?" डॉक्टरांनी विचारलं.

अंकुशने वाकून पाहिलं. "नाई, झाली वाटते. टिक्का हाये तिले."

डॉक्टरांनी उरलेली लस ओतून दिली. मी तिथे पाटावर होतो, मित्रांनो. तोंड उघडं होतं माझं, पण त्यातून फक्त बर्फाची वाफ निघत होती.

कापसाच्या वेचणीत एक कोल्हा भर दुपारी शेतात शिरला आणि चिंगीचा कान फाडून गेला. नत्थूजींनी अंकुशला दोनदा विचारलं, "टोचलं होतं ना हिले?" तो म्हणाला, "हो बाबूजी, टिक्का होता." नत्थूजींचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांची शिस्त कामी आली असं त्यांना वाटलं.

पौषात चिंगी खाईना. तोंड उघडं, लाळ गळते, आवाज घोगरा. घशात हाडूक अडकलं म्हणून आनंदाबाईंनी तिच्या तोंडात हात घातला. हाडूक नव्हतंच. बोटाला दात लागला. चार दिवसांत चिंगी गेली.

"आई, सुया घेऊन घे," अंकुश म्हणाला.

आनंदाबाई नत्थूजींकडे वळल्या. "टोचली होती ना हो ते?"

"टोचली होती."

"मंग काऊन घेऊ पोटात चौदा सुया? टोचलेल्या कुत्रीच्या दाताचं कायचं भेव?"

आणि त्यांनी बोटाला हळद लावली.

होळीच्या आधी त्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. मग ताप आला, मग झोप गेली. वर्ध्याच्या दवाखान्यात माझ्यात चहा भरून नेला होता. नत्थूजींनी माझ्यातला चहा कपात ओतला. तो नुसता आवाज ऐकून आनंदाबाईंचा गळा आवळला, अंग थरथरलं. "दूर ठेवा थो थर्मास," त्या म्हणाल्या. "तहान लागून राह्यली मले, पर पाह्यवत नाई." त्या घरात मी इतकी वर्षं होतो, पण माझी भीती कुणाला कधी वाटली नव्हती.

दवाखान्यातले डॉक्टर कुत्रीबद्दल विचारत होते. नत्थूजी ठामपणे सांगत होते, टोचली होती, कपाळावर टिक्का होता.

आनंदाबाईंनी डोळे उघडले. "थो टिक्का? थो तं मीनं लावलता. पोळ्याले."

अंकुश भिंतीशी खाली बसला. तिसऱ्या दिवशी आनंदाबाई गेल्या.

पुढच्या पोळ्याला गुरांचे डॉक्टर आपणहून आले. नत्थूजी म्हणाले, "जिच्यासाठी टोचत होतो थे गेली. आता राहू द्या." डॉक्टरांनी स्कूटर वळवली. अंकुश घरात होता, पण बाहेर आला नाही. तो आता माझ्याकडे बघतही नाही, कुत्र्यांकडे तर नाहीच. मला त्याचा राग येत नाही, नत्थूजींचाही येत नाही. पण वाईट फार वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्री असतील तर एकच करा. टोचताना डोळ्यांनी पाहा, खुणेवर जाऊ नका. आणि दात लागलाच तर कुत्र्याला टोचलं होतं का, हा हिशेब मागून करा. आधी जखम साबणाने खूप धुवा आणि दवाखाना गाठा. हे मी तुम्हाला सांगू शकतो. या घरात माझं ऐकणारं कुणी नाही.

आज पुन्हा पोळ्याचा दुसरा दिवस आहे. शेरू, भुऱ्या, ढवळी, तिघांचीही मुदत कधीच टळून गेली. अंगणात समीक्षा भुऱ्याच्या तोंडातली चप्पल दोन्ही हातांनी ओढते आहे. तो गुरगुरतो, ती हसते. नत्थूजी बाजेवरून पाहतात.

"चावन थो," एवढंच म्हणतात, आणि कूस बदलतात.