दोन बोटं सैल

मास्तरांच्या छातीत यंत्र बसलं तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शिलाईचा. "टाके किती घातले?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सात. "एवढ्याशा कापाला सात? मी चारांत भागवलं असतं," मास्तर म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेला माणूस दुसरं काय विचारणार?

त्यांची मुलगी त्याच इस्पितळात कामाला होती. तळमजल्यावरच्या एका खोलीत संगणकासमोर बसून, ज्यांच्या छातीत हे नवं यंत्र होतं अशा बत्तीस जणांचे आकडे रोज सकाळी तपासायचे, हे तिचं काम. यंत्र दिसायला अगदी क्षुल्लक. हृदयाच्या वरच्या कप्प्याला बाहेरून बसवलेली, रबरासारखी ताणली जाणारी बारीक पट्टी आणि खांद्याजवळ कातडीच्या आत काडेपेटीएवढी डबी. अंगात पाणी साचलं की कप्पा फुगतो, त्याची भिंत ताणली जाते, आणि ताणलेली भिंत कधी बिथरेल आणि ठोके सैरावैरा धावू लागतील याचा नेम नसतो. तसं होण्याआधीच, ताण ठरलेल्या मर्यादेवर गेला की डबी छातीत थरथरायची. मग माणसानं उठून इस्पितळात यायचं, डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवायचं, पाणी उतरवायचं. नाही उतरवलं आणि ठोके बिघडले, तर कप्प्यात रक्ताची गुठळी होते, आणि ती डोक्यात गेली की हातपाय लुळे पडतात. हे ती प्रत्येकाला समजावून सांगायची. वडिलांना तर तिनं इलॅस्टिकचा तुकडा ताणून दाखवला होता.

"कळलं," मास्तर म्हणाले होते. "मला नको शिकवूस इलॅस्टिक."

डबी पहिल्या पंधरवड्यात तीनदा थरथरली. एकदा मास्तर जिना चढत होते, एकदा कापडाचा गठ्ठा उचलत होते आणि एकदा तर नुसते दाढी करत होते. तिन्ही वेळा ते अर्ध्या दाढीनिशी, अर्ध्या जिन्यावरून इस्पितळात आले आणि तिन्ही वेळा काही निघालं नाही. आकडा मर्यादेला जेमतेम शिवून परत फिरला होता. डॉक्टरीणबाईंना त्याचं काही वाटलं नाही. "उगाच वाजलेली घंटा परवडली, न वाजलेली नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, पण घंटा त्यांच्या छातीत नव्हती. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे.

मास्तरांनी दुकानात जाणं सोडलं. एक हात छातीवर ठेवून ते दिवसभर खुर्चीत बसायचे, जेवण अर्धं टाकायचे, आणि फोन वाजला तरी दचकायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे घरात त्यांना दटावणारं कुणी नव्हतं. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. संध्याकाळी यायची तेव्हा त्यांचं अर्धं टाकलेलं ताट तीच उचलायची.

"चिमे, तुझ्या मशीनवर मर्यादा लावता येते ना?" एक दिवस त्यांनी विचारलं. "मग जरा सैल कर की. अंगाबरोबर मापून कपडा शिवला तर माणूस त्यात श्वास तरी घेईल का? आपण काय करतो? टेपच्या आत दोन बोटं घालतो आणि मग माप लिहितो."

"बाबा, हा काही सदरा नाही."

"माणूस तोच आहे ना आत?"

ती हसली, आणि तिथंच चुकली. कारण दुकानात टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करत ती मोठी झाली होती, आणि घट्ट माप म्हणजे शिकाऊ माणसाचं माप हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. मर्यादा बदलायला डॉक्टरीणबाईंची सही लागायची. पण संगणकाला सही कळत नाही, पासवर्ड कळतो, आणि पासवर्ड तिच्याकडे होता. सोमवारी सकाळी तिनं वडिलांची मर्यादा थोडी वर सरकवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: तांत्रिक.

डबी गप्प झाली. चार दिवसांत मास्तर दुकानात परतले, कात्रीला धार लावून घेतली आणि गिऱ्हाइकांवर ओरडू लागले. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. त्या आठवड्यात ती आनंदात होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण मास्तरांच्या पोटात काही राहील तर शपथ. तपासणीच्या बाकावर त्यांच्या शेजारी पेंटरकाका बसायचे. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. त्यांच्याही छातीत तीच डबी. एकदा शिडीवर असताना ती थरथरली आणि अक्षराचा काना भलतीकडे गेला. दुकानदारानं अख्खी पाटी पुन्हा करून घेतली होती. तेव्हापासून ते शिडीवर चढायलाच घाबरायचे.

"ह्यालाही जरा सैल दे," मास्तरांनी बाकावरूनच फर्मावलं. पेंटरकाका तिच्याकडे बघत राहिले. वडिलांना दिलं आणि ह्यांना नाही म्हणायचं, तर कोणत्या तोंडानं? तिनं त्यांचीही मर्यादा वर सरकवली. कारण: तांत्रिक. दुसऱ्या आठवड्यात पेंटरकाकांनी तिला रंगाचे डाग पडलेल्या हातांनी नमस्कार केला. "पोरी, आता गाढ झोप लागते बघ."

तिच्या पडद्यावर बत्तीस नावांच्या बत्तीस ओळी होत्या. मर्यादा ओलांडली किंवा ठोके बिघडले की ओळ लाल व्हायची, नाहीतर हिरवी. ती लाल ओळी उघडायची. हिरव्या ओळींवरून डोळे फिरवायची, जसे सगळेच फिरवतात.

तिसऱ्या रविवारी ती वडिलांकडे गेली तेव्हा मास्तर स्वतःचीच विजार उसवत बसले होते. "कंबर दीड इंच वाढवतोय," ते खुशीत म्हणाले. "खाल्लेलं अंगी लागायला लागलं." तिलाही बरं वाटलं. तिनं सुईत दोरासुद्धा ओवून दिला.

मंगळवारी सकाळी बाहेरच्या बाकावर सिस्टर एका म्हाताऱ्याला रागावत होत्या. "पट्ट्याचं भोक पुढे गेलं आणि तुम्ही आज सांगताय? जेवण अर्ध्यावर आणि पोट वाढतंय, म्हणजे पाणी साचतंय, आजोबा!"

काळजाचा ठोका चुकणं म्हणजे काय, हे ती रोज आकड्यांत बघायची. त्या दिवशी तिला ते स्वतःच्या अंगात कळलं. तिनं वडिलांची हिरवी ओळ उघडली. आत ताणाची रेघ अकरा दिवस चढत होती. जुनी मर्यादा रेघेनं केव्हाच ओलांडली होती आणि नवीच्या किंचित खाली, अगदी अंग चोरून, पुढे चालली होती.

फोन लागला नाही. ती धावतच निघाली. दुकानात मास्तर शिवणयंत्रावर डोकं टेकून बसले होते. पाय मोज्यांवरून फुगलेले, ओठ निळसर. "जरा दम लागलाय," ते म्हणाले, "बाह्या तेवढ्या जोडतो आणि येतो."

बाह्या तशाच राहिल्या. तासाभरात ते इस्पितळात होते. डॉक्टरीणबाईंनी शिरेतून औषध दिलं, पाणी उतरू लागलं, दुपारपर्यंत ओठांचा रंग परत आला. ठोके बिघडले नव्हते. थोडक्यात निभावलं होतं.

"डबी वाजली नाही?" डॉक्टरीणबाईंनी खाटेपाशी उभ्या राहून विचारलं.

मास्तरांनी चादरीखाली मुलीचा हात घट्ट दाबला.

"नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. यंत्रात काही दोष असेल, कंपनीला कळवायला हवं, असं काहीसं पुटपुटत डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या. ती खाली खोलीत गेली, वडिलांची मर्यादा गुपचूप पूर्वीच्या जागी आणली, आणि पुन्हा वर येऊन त्यांचे पाय चेपत बसली. दुसरं कुणी त्या दिवशी तिच्या मनात आलंच नाही. आपला तो बाब्या म्हणतात, ते काही उगीच नाही.

बुधवारी सकाळी चहा पिताना पेंटरकाकांच्या हातातून कप निसटला. ते खाली वाकले ते उचलायला, आणि उजवा हात त्यांच्याबरोबर आलाच नाही. काकूंनी शेजाऱ्यांच्या मदतीनं त्यांना इस्पितळात आणलं तेव्हा तोंडाची एक बाजू उतरली होती.

तेव्हा तिनं त्यांची ओळ उघडली. ती वडिलांच्या बरोबर खालची होती. मंगळवारपर्यंत हिरवीगार, आता लाल. आतली रेघ शनिवारपासून जुन्या मर्यादेच्या वर होती, मंगळवारी रात्री ठोके सैरावैरा सुटले होते, आणि ओळ लाल झाली ती थेट बुधवारी सकाळी आकडे आल्यावर. आकडे आले तेव्हा ती वरच्या मजल्यावर वडिलांना लापशी भरवत होती.

तिनं डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, काही न गाळता. डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मंगळवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा बोलली असतीस, तर मी त्याच मिनिटाला बत्तीसच्या बत्तीस ओळी उघडल्या असत्या."

"हो."

त्यांनी तिच्याकडून खोलीची किल्ली घेतली. पासवर्ड दुपारपर्यंत बदलला. चौकशी होणार होती, ती व्हायलाच हवी होती. पेंटरच्या घरच्यांना इस्पितळाकडून कळवू, असं त्या म्हणाल्या. "मी सांगते," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिनं विचारलं नाही.

शुक्रवारी मास्तर उठून बसले होते. तिचा बेत कळला तसे ते चवताळले. "डोकं फिरलंय तुझं? सांगून त्याचा हात परत येणार आहे का? इस्पितळ काय ते बघेल. तू तोंड मिटून बस."

"मंगळवारी बसले होते, बाबा."

मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. "सैल कर म्हणालो तर मीच ना. माझं नाव सांग. म्हाताऱ्यानं गळ घातली म्हण."

"म्हणालात तुम्ही. केलं मी." तिला त्यांचा राग येत होता आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती. तिनं दोन्हींपैकी काहीच केलं नाही. पांघरूण नीट केलं आणि ती निघाली.

पेंटरकाकांची खाट खिडकीजवळ होती. उजवा हात उशीवर ठेवला होता, नखांत अजून निळा रंग होता. काकू त्यांना संत्र्याची एकेक फोड भरवत होत्या. तिला बघून काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ये ग बाई. कालपासून तुझंच नाव काढतायत. ही पोरगी होती म्हणून शेवटचे पंधरा दिवस तरी सुखानं झोपलो, म्हणतात."

जीभ जड झाली होती, तरी पेंटरकाकांनी अर्ध्या तोंडानं हसून दाखवलं.

"काका," ती म्हणाली, "तुमची मर्यादा मी वाढवली होती, ती डॉक्टरांना न विचारता. तसं करायची मला परवानगी नव्हती. वाढवली नसती तर डबी शनिवारीच वाजली असती. औषध मिळालं असतं. हे माझ्यामुळे झालं."

काकूंना पहिल्यांदा काही कळलंच नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. पेंटरकाका छताकडे बघत होते. बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते, एकेक शब्द ते शिडी चढल्यासारखा चढत होते.

"मास्तरांची... पण?"

"त्यांचीही वाढवली होती. तुमच्या आधी."

"ते... बरे?"

"बरे आहेत. त्यांचे आकडे मी मंगळवारी पाहिले. वेळेवर आणलं."

पेंटरकाकांनी मान तिच्याकडे वळवली. डोळे अगदी स्वच्छ होते, त्यांत राग शोधून सापडला नाही. सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"माझे... कधी पाहिलेस?"

तिला वाटलं, खोटं बोलावं. एक दिवस इकडचा तिकडे केला तर कुणाला कळणार होतं?

"तुम्हाला इथं आणलं," ती म्हणाली, "त्याच्यानंतर."

काकूंनी हातातली फोड परत ताटलीत ठेवली. पेंटरकाकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि डावा हात पलीकडे नेऊन, दुसऱ्या कुणाचा असावा तसा आपला उजवा हात उचलला आणि पोटावर घेतला.