सहा पटाश्यांचा हेवा

मी एक जुना रंधा आहे. मित्रांनो, लाकूड तासून गुळगुळीत करणे हे माझे काम. शिसवाच्या ठोकळ्यातून मला घडवले, पोटात पोलादी पाते बसवले आणि एका फर्निचरच्या कारखान्यात मी मिस्त्रींच्या हाती आलो. एकोणीस वर्षे त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या पाठीत मुरला आहे. मला ते आपला उजवा हात म्हणत.

मग मालकीणबाईंनी सहा नव्या पटाश्या आणल्या. लाकडात खाच पाडायची ती हत्यारे. त्यांची पाती आरशासारखी होती. मिस्त्री त्यांना रोज तेलाच्या फडक्याने पुसू लागले. माझ्या पात्यावर गंज चढला, तरी त्यांचे लक्ष गेले नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका शनिवारी काम सुटल्यावर मिस्त्रींनी सर्वांत छोटी पटाशी फडक्यात गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत टाकली. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन गेल्या. खरे सांगतो, मला बरे वाटले. पण लगेच दुसरा सल बोचू लागला. घरी न्यायचे तर त्यांना, मला का नाही?

पटाश्या कमी झाल्याचे लक्षात आल्यावर संशय मात्र पॉलिशवाल्या ताईवर गेला, कारण ती नवी होती. मिस्त्रीच म्हणाले, "नव्या माणसावर जरा लक्ष ठेवा, बाई." मला वाचा नाही. असती, तरी त्या दिवसांत मी बोललो असतो का, देव जाणे.

ताईच्या कानावर ते गेले. ती मालकीणबाईंना म्हणाली, "भिंतीवर एक फळा लावू या. प्रत्येक हत्यार त्यावर ठेवून मी भोवती रंगाने रेघ ओढते. काय कमी आहे ते घरी जाण्याआधीच सगळ्यांना दिसेल."

तिने गेलेल्या तिन्ही पटाश्यांच्याही आकृत्या काढल्या. मला मिळाला खालचा कोपरा. जागेवर नसलेल्यांचाही मला हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी काम सुटताना चौथ्या पटाशीची जागा रिकामी होती. मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. "सापडेपर्यंत सगळेच थांबू. मीसुद्धा."

अखेर मिस्त्रींनी पिशवीतून पटाशी काढून टेबलावर ठेवली. "लेकीच्या घराची दारं करतोय, बाई. माझ्याकडे स्वतःची हत्यारं नाहीत."

"मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं?"

"इतक्या वर्षांनी मागायची लाज वाटली."

"आणि हिच्यावर आळ घ्यायची नाही वाटली?"



दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी घरी नेलेल्या तिन्ही पटाश्या आणल्या आणि सगळ्यांसमोर ताईची माफी मागितली. तिने पटाश्या जिच्या तिच्या जागी टांगल्या. आजवर मिस्त्रींकडे असलेल्या कारखान्याच्या किल्ल्या त्या दिवसापासून मालकीणबाईंनी आपल्याकडे ठेवल्या. आता ज्याला हत्यार घरी न्यायचे असेल, तो रिकाम्या जागेत खडूने आपले नाव लिहितो. शनिवारी मिस्त्रींचे नाव पटाश्यांच्या जागेत दिसते, माझ्या जागेत कधीच नाही. अजूनही मला ते लागते.

मित्रांनो, हत्यारांना ठरलेली जागा द्या. घरी निघण्याआधी त्यांच्याकडे एकदा बघा. हवे ते उघडपणे मागा, आणि पुरावा नसताना कुणाकडे बोट दाखवू नका. पटाश्या सगळ्या परत आल्या. पण ताई अजूनही, कुणी विचारले नसताना, जाताना आपली पिशवी उघडून दाखवते.