सुवॉनच्या घरातला कॅरम

मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. माझा जन्म कोल्हापूरचा. पण मित्रांनो, माझं उभं आयुष्य कोरियातल्या सुवॉन शहरात गेलं. मला इथे आणणारं शेलार कुटुंब मायदेशी परत निघालं, तेव्हा मी कुठल्याच बॅगेत मावेना. त्यांनी मला शेजारच्या बोराला देऊन टाकलं.

बोरा तेव्हा नऊ वर्षांची होती. पावडर संपली की ती माझ्यावर बटाट्याचं पीठ भुरभुरायची. तिने राणी घेतली की अख्ख्या मजल्याला कळायचं. पुढे तिला गणिताचा क्लास लागला, मग इंग्रजीचा, मग पियानोचा. शाळेतून आली की हातात समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात घेऊन ती क्लासच्या पिवळ्या गाडीत चढायची. मी कपाटामागे गेलो.

तिथे तीन वर्षं धूळ खात पडलो. बोरा अधूनमधून यायची, पण खेळायला नव्हे. घडी घातलेला एखादा कागद माझ्यामागे सरकवायची आणि पोट धरून बसायची. डॉक्टरांना तिच्या पोटात काहीच सापडेना.

एका शनिवारी सकाळी तिच्या आईने, मिग्यंगबाईंनी, मला टाकून देण्यासाठी बाहेर ओढलं. इथे मोठं सामान टाकताना पालिकेचा स्टिकर लावावा लागतो, तोही माझ्यावर चिकटवला. तेवढ्यात माझ्या मागच्या बाजूला अडकलेले सात कागद जमिनीवर पडले.

"ब्याण्णव," आई वाचू लागली. "अठ्ठ्याऐंशी. हे काय लपवायचे मार्क आहेत होय गं?"

दारात आलेली बोरा मान खाली घालून म्हणाली, "शंभर नाहीत ना. मग तू काही बोलत नाहीस, नुसती भांडी आपटतेस."

आई कागद गोळा करत जमिनीवरच बसली. म्हणाली, "मी तुझ्याएवढी असताना बेचाळीस मार्कांचा पेपर तांदळाच्या डब्यात लपवला होता."

"मग?"

"मग काय, तुझ्या आजीला भात करायचा होता."

बोराला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली. आईने तिला जवळ घेतलं. मग माझ्यावरचा स्टिकर नखाने खरवडत विचारलं, "हे खेळतात तरी कसं?"

मिग्यंगबाईंचा नेम अगदीच वाईट आहे. पण गुरुवारचा क्लास बंद झाला आणि ती संध्याकाळ माझी झाली. बोरा अजूनही पुष्कळ अभ्यास करते. परीक्षेआधी तिचं पोट अजून कधीतरी दुखतं, पण आता ती आईला तसं सांगते.

मित्रांनो, कॅरम भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. माझा एक कोपरा तसाच कायमचा वाकला. आणि तुमच्या घरात एखादं मूल गप्प गप्प असेल, तर मार्क विचारण्याआधी त्याच्यासोबत एक डाव मांडा. हरलात तरी चालेल.