डावखुऱ्या गोगलगायीची दुरुस्ती

मी एक जुने संग्राहक कार्ड आहे. तळहातावर मावेन एवढे, पत्त्यांच्या जोडाइतके जाड. माझा एक कोपरा झिजला आहे, पडद्यावर बारीक तडा गेला आहे आणि बॅटरी आता पूर्वीसारखी दम धरत नाही. तरीही, मित्रांनो, मी तुमच्याशी ताठ मानेने बोलणार आहे. माझ्या पोटात एकशे सात नोंदी आहेत. त्यांतल्या एका नोंदीचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो, आणि ती नोंद चुकीची आहे.

माझा जन्म एका छपाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. तिथे दोघी बहिणी काम करत. थोरली माझ्यासारख्यांच्या आतली रचना आखायची आणि धाकटी भिंगाखाली धरून एकेक तार जोडायची. आम्हाला एक भिंग, एक छोटा पडदा, दोन बटणे आणि एक हिरवा दिवा होता. मुलांनी किडे, पाने, पिसे, दगड असे जे काही पाहिले असेल, त्याचे चित्र आणि माहिती आमच्यात साठवायची. मग दोन कार्डे पाठीला पाठ लावून धरायची. दिवा दोनदा लुकलुकला की एक नोंद इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे उमटायची. दिलेली नोंद देणाऱ्याकडेही राहायची.

थोरलीने दोन नियम घातले होते. प्रत्येक नोंदीखाली ती कुणाच्या कार्डातून आली आणि कुणाकुणाच्या कार्डात गेली, त्यांची यादी राहील. आणि एकदा केलेली नोंद पुसता येणार नाही. फार तर तिच्याखाली दुरुस्तीची एक ओळ जोडता येईल.

"अगं ताई, मुलांचं खेळणं आहे हे," धाकटी म्हणाली होती. "मुलं चुकणारच. पुसायला नको?"

"चुकू देत की. पण चुकलं होतं, हे दिसायला हवं."

"आणि ती दुरुस्ती बाकीच्या कार्डांत जाणार कशी? आपल्या कार्डांना ना तार, ना लहर."

"चालत जाईल," थोरली म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

मी ज्या मुलीच्या हाती आलो, तिला सगळे चिमटी म्हणत. कारण ती बारीकसारीक प्रत्येक वस्तू चिमट्याने उचलून पाहायची, अगदी जेवणातली मिरीसुद्धा. तिच्या आईचे कपडे धुण्याचे दुकान होते. पुढे इस्त्रीचे मेज, मागे धुलाईची यंत्रे आणि त्यांच्याही मागे ओलसर अंगण. दुकानात एक खोका असायचा. गिऱ्हाइकांच्या खिशांत सापडलेल्या वस्तू आई त्यात ठेवायची आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची. आठवड्यातून एकदा सायकल काढून ती ज्याची वस्तू त्याला नेऊन द्यायची. एक बटण असले तरी.

"एवढ्याशा बटणासाठी तिकडच्या टोकाला जायचं?" चिमटी विचारायची.

"बटण एवढंसंच असतं. ते नसलं की शर्ट उघडा राहतो," आई म्हणायची.

खोक्यातल्या एका गोल आरशाचा मालक मात्र कधीच सापडला नाही. तो आरसा मागच्या अंगणात कामी आला. तिथला पाण्याचा मीटर बसवणाऱ्याने घाईघाईत भिंतीकडे तोंड करून बसवला होता. आकडे वाचायला येणारा माणूस दर महिन्याला कुरकुरायचा, म्हणून आईने तो आरसा मीटरमागे टेकवून ठेवला. माणूस वाकून आरशात पाहायचा आणि उलटे आकडे सवयीने सुलटे वाचायचा. चिमटीही त्याच्याकडून ते शिकली होती.

एका सकाळी त्या मीटरच्या काचेवर एक गोगलगाय चिकटलेली होती. तिथवर माझे भिंग पोचेना. चिमटीने मला आरशासमोर धरले आणि चित्र घेतले. मी जे दिसले ते टिपले. मित्रांनो, खरे सांगतो, त्यात माझी काही चूक नव्हती. पण आरशातून टिपतो आहे असे सांगायला मला तोंडही नव्हते. चिमटीला हाक आली, ती शाळेत गेली आणि आरशाची गोष्ट तिच्या डोक्यातून साफ उतरली.

संध्याकाळी तिने चित्र पाहिले आणि मला दिव्याजवळ नेऊन पुन्हा पाहिले. गोगलगायीच्या कवचाचे टोक समोर धरले, तर त्याची वळणे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बाहेर उलगडतात. ही उलट्या दिशेने उलगडत होती. अशी डावखुरी गोगलगाय हजारोंमध्ये एखादी. तिने पुन्हा अंगणात जाऊन शोधले, पण गोगलगाय निघून गेली होती.

त्यानंतरचे दिवस काय वर्णावेत! मला पाहायला मुले रांगा लावत. चिमटीच्या वर्गातला डब्या, जो पिसे पत्र्याच्या डब्यात साठवायचा, त्याने त्या नोंदीच्या बदल्यात आपली घुबडाच्या पिसाची नोंद दिली. एकोणीस कार्डांत माझी गोगलगाय गेली. मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

शेवटी वस्तुसंग्रहालयातून बोलावणे आले. तिथे दर वर्षी एका मुलाचे कार्ड काचेच्या कपाटात ठेवत. त्या खोलीत भिंतभर खण होते आणि प्रत्येक खणात कापसावर ठेवलेले शंख. तिथल्या बाईंनी मला मोठ्या पडद्याला जोडले. गोगलगाय ताटाएवढी दिसू लागली. बाई आनंदाने नावाची पट्टी लिहायला बसल्या.

चिमटी गोगलगायीकडे पाहत नव्हती. ती कवचाच्या बाजूला पाहत होती. माझ्या छोट्या पडद्यावर मुंगीएवढे दिसणारे मीटरचे आकडे इथे बोटभर झाले होते आणि ते सगळे उलटे होते. ती पाहतच राहिली. बाईंनी पट्टीवर तिचे नाव आणि 'दुर्मीळ गोगलगाय' असे लिहिले होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. ती गप्प राहिली असती, तर त्या कपाटात वर्षभर माझी आरास झाली असती. मला तर ते हवेच होते.

"बाई," ती म्हणाली, "ही डावखुरी नाहीये."

"कशावरून?"

"मीटर बघा."

बाईंनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ जाऊन आकडे पाहिले.

"आरसा होता?"

"हो. मी विसरले होते."

"माझ्या तर लक्षातच आलं नसतं. आणखी कुणाच्याही आलं नसतं."

"माझ्या आलं ना," चिमटी म्हणाली.

बाईंनी पट्टीची घडी करून खिशात ठेवली. काही आठवड्यांनी त्या वर्षीसाठी कपाटात डब्याचे कार्ड गेले.

घरी आल्यावर तिने माझ्यात एक ओळ जोडली. 'हे चित्र आरशातून घेतलेले आहे. गोगलगाय नेहमीसारखी उजव्या वळणाची आहे. चूक माझी.' मग तिने आईकडे सायकल मागितली.

"कुठं चाललीस?"

"एकोणीस घरी."

आईने चाकांत हवा भरून दिली आणि म्हणाली, "लांबच्यापासून सुरू कर. जवळची घरं दमल्यावरही होतात."

सगळीकडे स्वागत झाले असे नाही. डब्या दारातच कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"म्हणजे इतके दिवस मी साधी गोगलगाय मिरवत होतो?"

"हो."

"आणि घुबडाचं पीस देऊन बसलो."

"त्याच्या बदल्यात तुला हवी ती नोंद घे माझ्याकडून."

"बघू. आधी ती ओळ दे," तो म्हणाला. आमच्या पाठी एकमेकींना लागल्या, दिवा दोनदा लुकलुकला. मग तो हळूच पुटपुटला, "पुढे मी ती मावसभावाला दिली होती. चल, येतो मी पण."

असे करत करत आणखी सात कार्डे निघाली. एकूण सव्वीस. यादी नसती, तर कुणाकडून कुणाकडे गेली हे कळलेच नसते. पुसता आले असते, तर चिमटीने आपली नोंद गुपचूप पुसली असती आणि सव्वीस घरांत खोटी गोगलगाय सुखाने नांदली असती. थोरलीचे दोन्ही नियम मला त्या दिवसांत समजले. पूर्वी मी लोक बघायला येतात म्हणून फुगत होतो. आता दिवा लुकलुकला की मला खरा अभिमान वाटू लागला.

चिमटी आता मोठी झाली आहे आणि एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. मधली बरीच वर्षे मी तिच्या खणात पडून होतो. बॅटरी फुगली, पडद्यावर धूळ बसली, कोणी माझे नाव काढीना. मग एके दिवशी तिने मला पुसून, मिळाली तशी बॅटरी घालून संग्रहालयातल्या बाईंना नेऊन दिले. बाईंनी आपल्या पेटीतून एक घडी घातलेली पट्टी काढली. तीच जुनी. तिच्यावर चिमटीचे नाव होते. 'दुर्मीळ' हा शब्द त्यांनी खोडला, पण तो वाचता येईल असाच ठेवला, आणि मला मुलांना नोंद कशी करावी हे शिकवण्याच्या मेजावर मांडले. मेजावर माझ्या शेजारी चिमटीनेच आणून दिलेला अंगणातला तो गोल आरसा आहे. त्याची चिठ्ठी आईने अजून सोडलेली नाही.

मित्रांनो, मला महिन्यातून एकदा वीज द्या, पाण्यापासून जपा, पडद्यावर नखे घासू नका. हे मी माझ्या हौसेसाठी मागत नाही. सव्विसांपैकी पंचवीस कार्डांना दुरुस्ती पोचली आहे. सव्विसावे कार्ड एका मुलीकडे होते. तिचे घर बदलले आणि कोणालाच पत्ता माहीत नाही. तेव्हा घरातले जुने खण एकदा उघडून पाहा. त्यात एखादे कार्ड असेल आणि त्यातली गोगलगाय डावखुरी असेल, तर ते माझ्याकडे घेऊन या. तेवढ्यासाठी मी अजून दिवा राखून ठेवला आहे.