केसर हिलमचं अक्षर

हेडसर, तुम्ही चोर आहात. नववीतल्या एका मुलीचं लिहिणं तुम्ही भर वर्गात तिच्याकडून काढून दुसऱ्याच्या नावावर केलंत. मी दारात चहाचा ट्रे धरून उभा होतो. शिपायालाही डोळे असतात, हे तुमच्या लक्षात राहिलं नसेल.

मागल्या महिन्यात त्याच वर्गातल्या रुचिकाचा कंपास हरवला. शेवटचा कुठे ठेवला होतास, एवढंसुद्धा तुम्ही तिला विचारलं नाहीत. कातकरवाडीवरच्या पाच मुलांना व्हरांड्यात काढलंत आणि त्यांची दप्तरं माझ्याकडून उलटी करवलीत. पडलं काय, तर भाकरी, सुका जवळा आणि दात मोडलेला कंगवा. "यांच्या रक्तातच असतं," तुम्ही म्हणालात, जसं काही पाचांचं रक्त तपासूनच आला होतात. दुसऱ्या दिवशी कंपास रुचिकाच्याच घरी सोफ्याखाली सापडला. तुम्ही म्हणालात, "चला, मिळाला ना." संपलं.

मग वरून पत्र आलं, मुलांसाठी तक्रारपेटी लावा. तुम्ही लावलीत. वर रंगवून घेतलंत, 'न घाबरता बोला'. आठ दिवसांनी पेटीत एकच चिठ्ठी निघाली, बिननावाची:

'कंपास हरवला तेव्हा वाडीवरच्यांच्याच दप्तरांची झडती का घेतली? सापडल्यावर त्यांची माफी का मागितली नाही? मुलं चोर होऊन शाळेत येत नाहीत. शाळाच त्यांना चोर करून घरी पाठवते.'

न घाबरता बोला म्हणणारे तुम्ही, चिठ्ठी वाचून लिहिणाऱ्याच्या शोधात निघालात. तडक नववी ब मध्ये गेलात आणि सगळ्यांना शुद्धलेखन घातलंत. अक्षर जुळवून चोर पकडायचा बेत. वह्या गोळा झाल्या, तसं मला ट्रे ठेवून आत बोलावलंत आणि म्हणालात, "दयाराम, वाडीवरच्यांच्या बाजूला ठेव. त्यांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, हे कुठलं लिहिणार?"

उरलेल्या वह्यांतून तुम्ही प्रज्योतची काढलीत. हाच तो प्रज्योत, ज्याच्या बापाने शाळेला पंखे दिले. अक्षर थोडंफार तसंच, गोल. आणि तुमचा राग एका दमात उतरला, मी बघत होतो. चेहऱ्यावर साखर आली.

"तूच का रे? अरे बाळ, विचार थोडे कडक आहेत, पण भाषा काय आहे. वक्तृत्व स्पर्धेला तुझं नाव घालतो."

प्रज्योत म्हणाला, "सर, हे माझं नाही."

"बघा," तुम्ही वर्गाला म्हणालात, "याला म्हणतात विनय. घरचे संस्कार."

तेव्हा मागच्या बाकावरून वाडीवरची केसर हिलम उठली. गप्प बसली असती तर सुटली असती. तिची वही तर तुम्ही उघडलीही नव्हती.

"सर, ते मी लिवलंय."

तुम्ही हसलात. "तू? कुणी लिहून दिलं तुला?"

"कुणी न्हाय. माझी वही बगा की."

बाजूच्या गठ्ठ्यातून मीच काढून दिली. चिठ्ठीशेजारी धरलीत. काना, वेलांटी, रेघ, सगळं तेच. आता तरी कबूल कराल, असं मला वाटलं. तुम्ही विचारलंत, "कुणाचं बघून गिरवलंस?"

"सर, म्या प्रज्योतचं अक्षर कशाला चोरू? माझं त्याच्याहून बरं हाय."

वर्ग हसला. प्रज्योत सगळ्यांत जास्त हसला. आणि क्षणापूर्वी ज्या भाषेला तुम्ही स्पर्धेला पाठवत होतात, ती त्याच कागदावर, त्याच शाईत उद्धट झाली. "माफीनामा लिहून आण. तोवर वर्गात पाऊल टाकायचं नाही."

आज चौथा दिवस. केसर वर्गाबाहेर पायरीवर बसून आतला धडा ऐकते आणि मांडीवर लिहून घेते. तिचा बाप पेणच्या पुढे वीटभट्टीवर. तो येऊन तुमच्या हातापाया पडेल, या आशेवर असाल तर सांगतो, तिने त्याला कळवलंच नाही. माफीनाम्याचा कागद कोरा आहे. काल तिने मला विचारलं, "मामा, माफी कशाची मागायची? लिवलं म्हणून, का मी लिवलं म्हणून?"

ते उत्तर मी तुमच्याकडे मागतोय. तुम्ही एम.ए. बी.एड. आहात, तुम्हाला येत असणार. तोंडी नको, हेडसर. लिहून द्या आणि खाली सही करा.